व्यंकटरावांचं मांसाहारी झाड

गारखेड्याकडच्या 'सत्त्वशील' सोसायटीत मांसाहार करणाऱ्यांना घर भाड्याने मिळत नाही. हा नियम व्यंकटराव लासूरकरांनी केला. जिन्याखालच्या फलकावर तो स्वतः उभं राहून रंगवूनही घेतला, आणि पेंटर 'मांसाहारी'वरचा अनुस्वार विसरला तेव्हा त्याला परत बोलावून आणलं. नियम असावा तर शुद्धलेखनासकट असावा, असं त्यांचं म्हणणं.

व्यंकटराव वाईट माणूस नव्हते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे ते सांगायला जागा मिळेलच असं नाही. सरकारी कचेरीतून ते अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. लोकांच्या अर्जांतल्या चुका काढण्यात त्यांची हयात गेली, पण चूक काढल्यावर अर्ज दुरुस्त करूनही तेच द्यायचे. सोसायटीत कुणाकडे दुखलंखुपलं की पहिली रिक्षा त्यांनी बोलावलेली असायची. नळाला पाणी येण्याचा दिवस ते सगळ्यांना आदल्या संध्याकाळी जाऊन सांगत. त्या बदल्यात त्यांना फक्त अध्यक्षपद हवं होतं, आणि ते दुसऱ्या कुणालाच नको असल्यामुळे दरवर्षी बिनविरोध मिळायचं.

घर तर त्यांनी असं ठेवलं होतं की पाहुणा चप्पल काढताना दोनदा विचार करी. प्रत्येक खिडकीला बारीक जाळी, गॅलरीलाही जाळी. "माझ्या घरात एक माशी दाखवा," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणत. पद्मजाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, यावर काही बोलत नसत. जाळ्या त्या पुसायच्या.

एकुलती एक लेक चारुता बंगळुरूला नोकरीला होती. ती तिकडे सगळं खाते, हे व्यंकटरावांना ठाऊक होतं. तिच्या कुठल्याशा पार्टीचा फोटो त्यांनी फोनवर पाहिला होता आणि तिच्या हातात जे होतं ते वांगं नव्हतं. त्यांनी फोन खाली ठेवला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं नाही. जे विचारलं नाही ते घडलेलं नसतं, हे तत्त्व कचेरीत त्यांच्या फार उपयोगी पडलं होतं, ते त्यांनी घरीही चालू ठेवलं.

ही चारुता फेब्रुवारीत चुलतभावाच्या लग्नाला आली ती हातात एक वीतभर प्लॅस्टिकची कुंडी घेऊन. बंगळुरूच्या मॉलमधून आणलेली. कुंडीत बोटबोटभर देठांवर उघडे जबडे, जबड्यांच्या कडेला पापण्यांसारखे केस, आत लालसर कातडी.

"व्हीनस फ्लायट्रॅप," ती म्हणाली. "माशा खातं. मजा म्हणून घेतलं. विमानात परत कुठे नेऊ, राहू दे तुमच्याकडे. फक्त दोन गोष्टी सांभाळा, बाबा. नळाचं पाणी द्यायचं नाही आणि खत अजिबात घालायचं नाही."

"माशा खातं?" पद्मजाबाईंनी विचारलं.

"हो."

"या घरात?"

चारुता हसली आणि लग्नाला निघून गेली. तिथून परस्पर विमानतळावर.

आता खत घालायचं नाही म्हणजे काय? व्यंकटरावांनी या सूचनेचा अर्थ आपल्या परीने लावला. पंगतीत पाहुणा "पुरे, पुरे" म्हणत ताटावर हात आडवा धरतो, म्हणून वाढणारा कधी थांबलाय का? उलट तिथेच तर आग्रहाची खरी कसोटी. लासूरकरांच्या घरातून कुणी अर्धपोटी उठलं नव्हतं. त्यातून ही कुंडी! पातळ प्लॅस्टिक, आत माती म्हणावी तर माती नाही, नुसता भुसा. मॉलवाल्यांनी बिचाऱ्या झाडाला अगदी उपाशी ठेवलं होतं.

वरच्या मजल्यावर सुरेखा आणि गोकुळ भाड्याने राहत. देवगाव रंगारीचं कुटुंब. गोकुळ वाळूजला कारखान्यात पाळ्या करायचा, सुरेखा जवळच्याच एका दवाखान्याच्या लॅबमध्ये होती. घर देताना व्यंकटरावांनी दोघांना समोर बसवून खाण्यापिण्याचं विचारलं होतं. सुरेखाने सरळ सांगितलं होतं, "खातो ना काका. पण गावाकडं खातो. इथं अंडं बी शिजायचं नाय, शब्द हाय माझा." हा खरेपणा व्यंकटरावांना इतका आवडला की नियमाला मुरड घालून त्यांनी अकरा महिन्यांच्या कराराला सोसायटीची ना हरकत दिली. आपण उदार आहोत असं त्यांना त्या दिवशी प्रथमच वाटलं, आणि ते वाटणं त्यांना मानवलंही.

त्याच सुरेखाने मागे एकदा गावाहून शेणखताचं पोतं आणून दिलं होतं. "आमच्या म्हशीचं हाय, चांगलं कुजलेलं. गुलाबाला घाला, मग बघा." गुलाबाला घातलं होतं आणि पाहिलंही होतं. तेच खत आता पाहुण्यासाठी काढलं. मातीची देखणी कुंडी आणली, गावची काळी माती चाळली, त्यात ओंजळीने खत मिसळलं. मुळांचा तो भुसा झटकून टाकला आणि झाड बसवून वर नळाचं भरपूर पाणी. पूजेचं तीर्थ उरलं होतं, तेही घातलं. एवढा पाहुणचार जावयालाही झाला नसता.

आठवडाभरात जबडे एकेक करून काळे पडले. पानं चिखलात झोपली. व्यंकटरावांनी खत वाढवलं.

दवाखान्यातून परतणाऱ्या सुरेखाने जिन्यातून जाळीआड पाहिलं. "काका, हे मरायलंय."

"नवीन जागा आहे, रुळेल."

"नाय काका. आजारी माणसाला पुरणपोळी चारल्यागत झालंय त्याचं. ताईंना फोन लावा."

फोनवर चारुताने आधी वडिलांचं सगळं ऐकून घेतलं आणि मग त्यांना फैलावर घेतलं. त्या झाडाच्या मूळ गावची जमीन इतकी निकस, की मातीतून काही मिळत नाही म्हणून तर ते किडे धरतं. खत म्हणजे त्याला विष. आपल्याकडच्या नळाच्या नि बोअरच्या पाण्यातला क्षार म्हणजे सावकाश होणारं विष. "बाबा, तुम्ही त्याला प्रेमाने मारताय," ती म्हणाली आणि मग सगळी कृती लिहून घ्यायला लावली.

कुरिअरने मातीऐवजी वापरायच्या पीट मॉसची पिशवी आली आणि परलाइटची. मॉस म्हणजे वाळवलेल्या चहाच्या चोथ्यासारखं, परलाइट पाहून पद्मजाबाईंनी "हा साबुदाणा भिजायला किती वेळ लागेल?" असं शांतपणे विचारलं. व्यंकटरावांनी गॅलरीत वर्तमानपत्र अंथरलं, चष्मा चढवला आणि कचेरीतली फाइल उघडावी तशी कुंडी उलटी केली. काळ्या मातीचा गोळा बादलीतल्या पाण्यात हळूहळू सोडवला. हे पाणी बॅटरीत घालतात ते, दुकानातून कॅन भरून आणलेलं. मुळं दिसली ती मोजकी, काळसर दोऱ्यांसारखी, आणि मधे लसणीच्या पाकळीएवढा पांढरा कंद. तो दाबून पाहिला तर टणक लागला. म्हणजे जीव होता. मेलेली पानं त्यांनी नखं काढायच्या कात्रीने बुडापासून कापली. मॉस आणि परलाइट भिजवून कालवलं, जुन्या प्लॅस्टिकच्या कुंडीत सैल भरलं, बोटाने खळगा केला, कंद बसवला. दाबलं नाही. वरून पाणी घातलं नाही, कुंडी ताटलीत ठेवून ताटलीत पाणी ओतलं. आणि मग त्यांच्या आयुष्यातली सर्वांत अवघड गोष्ट केली; झाडाला एकटं सोडलं.

"कुणालातरी तुम्ही पहिल्यांदाच आग्रह केला नाहीत," पद्मजाबाई म्हणाल्या.

बॅटरीचं पाणी रोजरोज आणायचं म्हणजे खर्चिक आणि हमालीचं. पण तिसऱ्या मजल्यावरच्या नानासाहेबांकडे एसी होता, आणि एसीचं ठिबकणारं पाणी अगदी निर्मळ असतं, असं चारुताने सांगितलं. नानासाहेब म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांच्या एसीची नळी पार्किंगमध्ये गळते म्हणून मागच्या उन्हाळ्यात व्यंकटरावांनीच त्यांना लेखी समज दिली होती. तेव्हापासून नानासाहेबांनी नळी मागच्या डक्टच्या अरुंद पोकळीत सोडली होती. व्यंकटरावांनी आता आपल्या न्हाणीघराच्या खिडकीची जाळी सरकवून डक्टच्या कठड्यावर, बरोबर धारेखाली, एक डबा ठेवला. समज दिलेलं पाणी थेंबथेंब जमू लागलं. नानासाहेबांना सांगायची गरज त्यांना वाटली नाही.

चैत्रात कंदातून हिरवं टोक निघालं. मग पान, मग पानाच्या टोकाला मिटलेली चिमुकली मूठ, आणि एका सकाळी ती मूठ उघडलेली. व्यंकटरावांनी पद्मजाबाईंना स्वयंपाकघरातून ओढत आणलं. आपल्या डोळ्यांत पाणी आलंय ते ऊन लागलं म्हणून, असं त्यांनी सांगितलं. खरं म्हणजे त्यांना फार आनंद झाला होता. चारुताला फोटो पाठवला, तिचं उत्तर आलं: "बाबा! शाब्बास!" लेकीने वडिलांना शाब्बास म्हणायची ही पहिलीच वेळ.

पण उघडा जबडा समोर दिसतोय आणि त्यात कुणी काही घालत नाही, हे लासूरकरांच्या घरात कितीसं चालणार? माशा यायला हव्यात, तर घरात माशी नाही. व्यंकटरावांनी जाळीचं एक टोक उचकटून बाहेर गुळाचा खडा ठेवला. मुंग्या आल्या. माशी घरात यावी म्हणून अध्यक्ष खुर्ची टाकून वाट बघत बसले आहेत, हे दृश्य पद्मजाबाईंनी डोळे भरून पाहून घेतलं.

मग त्यांनी पनीर दिलं. त्यांचं तर्कशास्त्र साधं होतं: झाडाला हवं ते प्रथिन, माशीतलं काय नि पनीरमधलं काय. जबडा मिटला, दोन दिवसांनी आतून आंबूस वास आला आणि जबडा काळा झाला. मग भिजवलेला हरभरा. जबड्याने तो धरला आणि दुसऱ्या दिवशी तोंड उघडून तसाच दाखवला, जसा शाळेतला पोर न गिळलेली गोळी दाखवतो. सत्त्वशील सोसायटीत येऊनही झाड बदलायला तयार नव्हतं.

"सुकलेल्या अळ्या मिळतात," चारुता म्हणाली. "फिशटँकच्या दुकानात. एक अळी भिजवून चिमट्याने ठेवायची. जबडा मिटला की बाहेरून काडीने हलकेच चोळायचं, म्हणजे त्याला वाटतं आत काहीतरी जिवंत वळवळतंय, मग ते पचवायला घेतं. पण बाबा, नाही दिलं तरी जगेल ते."

शेवटचं वाक्य त्यांनी ऐकलं नाही.

औरंगपुऱ्यातल्या गल्लीत ते दुकान होतं. व्यंकटराव समोरच्या पुस्तकांच्या दुकानात बराच वेळ वह्या चाळत उभे राहिले. ओळखीचं कुणी दिसत नाही याची खात्री करून ते रस्ता ओलांडून आत शिरले.

"क्या होना अंकल?" दुकानदाराने विचारलं.

"अळ्या. सुक्या."

"मछली कौनसी है?"

व्यंकटरावांचा गोंधळ उडाला. "मध्यम," ते म्हणाले.

दुकानदाराने बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून दिली. न सांगता. अशी गिऱ्हाइकं त्याने पाहिली असावीत.

घरात ती बाटली ठेवायची सोय नव्हती. "मला काही सांगू नका, म्हणजे मला काही माहीत नाही," एवढं बोलून पद्मजाबाई देवघरात गेल्या. घराण्याचं तत्त्व त्यांनाही पाठ होतं. तेव्हा बाटली गेली डक्टच्या कठड्यावर, पाण्याच्या डब्याशेजारी. दर पंधरवड्याला ते एक अळी औषधाच्या टोपणात भिजवायचे, चिमट्याने जबड्यात ठेवायचे आणि दाराला आतून कडी लावून, दात कोरायच्या काडीने हळूहळू चोळत बसायचे. मेलेल्याला जिवंत भासवण्यात त्यांचं कौशल्य वाढत गेलं. एकादशी मात्र ते टाळायचे.

मेमध्ये वैजापूरला साडूंकडे नातवाची मुंज होती. दोघंही चार दिवस तिकडे गेले. जाताना ताटलीत पाणी भरलं, कुंडीवर हिरवी जाळी ताणली, पण बाटलीचं झाकण लावायचं राहिलं. इकडे उन्हाळा असा, की नानासाहेबांचा एसी दिवसरात्र चालू. डबा भरला, भरून वाहिला आणि धार लागली थेट उघड्या बाटलीत. अळ्या भिजल्या, फुगल्या, सडल्या. डक्ट म्हणजे उभं धुराडंच. वास वर चढला. दुसऱ्या मजल्यावर सुरेखाच्या स्वयंपाकघराची खिडकी, आणि तिच्या वर नानासाहेबांची.

व्यंकटराव परत आले तेव्हा जिन्यातच वास आला. न्हाणीघराची खिडकी उघडताक्षणी त्यांना सगळं कळलं. त्यांनी नाकाला पंचा बांधला, बाटली तीन पिशव्यांत गुंडाळली आणि फिरायला जाताना लांबच्या कचराकुंडीत टाकून आले. कठडा निघण्याआधीच फिनेलने धुतला होता. येताना औरंगपुऱ्यातून दुसरी बाटलीही आणली. झाडाचा काय दोष?

ते घरात शिरतात तोवर नानासाहेब कागद घेऊन हजर.

"अध्यक्ष, सही करा. तातडीची सभा. चार दिवस जिन्यात मासळीबाजार होता. आमच्या हिने तर उलटी केली."

"कोणाकडून वास—"

"तुमच्या वर नि माझ्या खाली कोण राहतं?" नानासाहेब आवाज खाली आणून म्हणाले. "मी तेव्हाच म्हणत होतो, यांना देऊ नका. तुम्ही शब्दावर गेलात. पुढच्या महिन्यात करार संपतोय, आताच निकाल लावू."

हाच तो क्षण होता. दोन वाक्यांत सगळं मिटलं असतं. व्यंकटरावांनी मनाशी वाक्य जुळवलं, पण ते कुठूनही सुरू केलं तरी त्यात 'अळ्या' हा शब्द येत होता. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि सही केली. नोटिशीत 'मासळी' ऐवजी 'मासाळी' पडलं होतं, तेवढं सुधारलं.

सभा पार्किंगमध्ये भरली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मध्ये टेबल. गोकुळ पाळीवर गेलेला, म्हणून सुरेखा एकटीच आली, दवाखान्यातून थेट.

"आमी नाय केलं काय," ती म्हणाली. "मला बी वास आला. मी म्हणलं उंदीर मेला असंल डक्टमधी. सांगायला काकांकडं आले तर कुलूप. घर सोडा म्हणू नका, नानासाहेब. दवाखाना इथून चालत हाय, मला सध्या लई लांब जायला जमायचं नाय."

"का जमायचं नाही?" नानासाहेबांच्या पत्नी करुणावहिनींनी विचारलं.

"हाय काहीतरी," सुरेखा म्हणाली.

"मग तुमचं स्वयंपाकघर बघू द्या. मनात काही नसेल तर काय हरकत?"

सगळ्यांनी व्यंकटरावांकडे पाहिलं. अध्यक्षांनी नको म्हटलं असतं तर विषय तिथेच थांबला असता. व्यंकटरावांना वाटलं, सापडणार तर काहीच नाही, म्हणजे सुरेखा आपोआप सुटेल आणि आपल्यालाही काही बोलावं लागणार नाही. दोन्हीकडून सोयीचं. "नियमानुसार," ते म्हणाले, "दोन महिलांनी जावं. मी दाराशी उभा राहीन."

ते खरोखर दाराशी उभे राहिले. करुणावहिनींनी कपाटं उघडली, डबे हुंगले. ज्वारीचं पीठ, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. मग फ्रीज. ताक, कोथिंबीर, झाकून ठेवलेली पिठल्याची वाटी. दाराच्या कप्प्यात, दुधाच्या पिशवीमागे, औषधाचं एक खोकं होतं. वहिनींनी ते काढून उजेडात धरलं.

"हे काय?"

"इंजेक्शनं हायत."

"कसली?"

"दवाखान्याची."

"ते दिसतंय गं. कुणाला?"

"मला," सुरेखा म्हणाली. आणि कुणी आणखी विचारायच्या आत स्वतःच सांगून मोकळी झाली, "मूल होण्यासाठीची. दोन वर्सं चाललंय. आता ठिवा ते आत, गरम झालं की वाया जातं."

करुणावहिनींनी खोकं परत ठेवलं. पण ठेवण्याआधी बरोबर आलेल्या बाईकडे एकदा पाहिलं, आणि तिनेही पाहिलं. सुरेखाने फ्रीज बंद केला तेव्हा तिचा हात त्यावरच राहिला. ती दाराकडे वळली आणि तिची नि व्यंकटरावांची नजर भेटली. व्यंकटरावांनी मान खाली घातली. त्यांना लाज वाटली, साधी, निखळ लाज. बायकोसमोर कधी वाटली नव्हती, देवासमोरही नाही.

खाली नानासाहेबांनी अहवाल ऐकला. "काही सापडलं नाही म्हणजे आधीच हलवलंय. वास काही खोटा नव्हता."

व्यंकटराव उठले. काही न बोलता घरात गेले आणि परत आले तेव्हा एका हातात ताटलीसकट कुंडी होती, दुसऱ्या हातात अळ्यांची बाटली. दोन्ही त्यांनी टेबलावर ठेवलं.

"वास माझा होता," ते म्हणाले. "म्हणजे माझ्या अळ्यांचा. मी या झाडाला मांस घालतो. बाटली डक्टमध्ये सडली. हिचा काही संबंध नाही. मला सही करायच्या आधीच माहीत होतं."

व्यंकटराव मान ताठ करून उभे राहिले. राजीनामा द्यायचा, दंड म्हणतील तो भरायचा, जिन्याखालच्या फलकाबद्दल काय ते म्हणतील ते ऐकून घ्यायचं; त्यांची सगळी तयारी होती.

"अहो, म्हणजे तुमचं होय!" नानासाहेब म्हणाले आणि मोठ्याने हसले. "मग एवढं काय!"

सगळे हसले. एकदम सैल झाले. करुणावहिनी म्हणाल्या, बिचारं झाड, देवानेच तसं केलं त्याला, ते काय चवीसाठी खातं? कुणीतरी म्हणालं, शिवाय झाड काही भाडेकरू नाही. नानासाहेबांनी तिथल्या तिथे व्यंकटरावांच्याच भाषेत ठराव सांगितला, की सदर रोप वनस्पती या प्रकारात मोडत असल्याने नियम त्यास लागू नाही, मात्र बाटलीचे झाकण नीट लावावे. ठराव एकमताने मंजूर झाला. तातडीने.

"एक घालून दाखवा ना!" नानासाहेब म्हणाले.

खुर्च्या पुढे सरकल्या. चिमटा आला, टोपणात पाणी आलं. व्यंकटरावांना नको म्हणता आलं नाही. अळी ठेवताच जबडा फटकन मिटला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. करुणावहिनींनी काडीने चोळायचं स्वतः मागून घेतलं. "किती गोड," त्या म्हणाल्या. व्यंकटरावांनी मान वर करून पाहिलं. सुरेखाची खुर्ची रिकामी होती. ती कधी उठून गेली, कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ना हरकत पत्र लिहून, सही करून वर गेले. या वेळी त्यात त्यांनी खाण्यापिण्याची अट घातली नव्हती. सुरेखाने दार उघडलं, "या काका" म्हणाली, खुर्ची पुसून दिली. चहा ठेवला.

"माझी चूक झाली," व्यंकटराव म्हणाले. हे वाक्य त्यांनी रात्रभर घोटलं होतं, तरी ते अर्जासारखंच निघालं. "मी आधीच सांगायला हवं होतं. हे पत्र. आता कसलीच अट नाही. पाहिजे तितकी वर्षं राहा."

तिने पत्र घेतलं, वाचलं, आणि घडी करून त्यांच्यापुढेच ठेवलं.

"नगं काका. ह्यांनी रात्रीच देवळाईकडं घर बघून ठिवलंय. लांब पडंल, मला दोन रिक्षा बदलाव्या लागतील."

"मग कशाला जातेस? आता तर तुम्हाला इथे काय हवं ते शिजवता येईल."

सुरेखाने चहा गाळला. कप त्यांच्या हातात दिला, बशीत दोन बिस्किटं ठेवली, एक आणखी ठेवलं.

"खाण्याचं काय हाय, काका. तिथं बी आमी काय रोज मटण करणार नाय," ती म्हणाली. "पण तिथं माझा फ्रीज मीच उघडंन."

व्यंकटरावांनी बिस्किट घेतलं. नको म्हणायची त्यांची हिंमत झाली नाही.